तीन तास चाललेली डिस्क

१

विजयादशमीच्या सकाळी चेन्नईत एग्मोरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर व्यासराजकाकांचा आवाज हरवला. काका जाऊन वर्ष झालं होतं, पण आवाज घरातच होता. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये तो भरून ठेवलेला होता. तो कॉम्प्युटर उन्हाळ्यात जळला, तेव्हा नातीनं नवा मागवला आणि जुनी डिस्क काढून नव्यात बसवायचं काम माझ्याकडे आलं. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी मी ती माझ्या हातानं बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांनी नवा कॉम्प्युटर सुरू केला, तर पडद्यावर डिस्क दिसत होती, अगदी ठणठणीत दिसत होती, आणि तिच्यात काहीही नव्हतं.

म्हणजे पहिला संशय माझ्यावर.

माझं नाव संयुक्ता. नुंगंबाक्कममध्ये एका शिंप्याच्या दुकानावर माझी खोली आहे. लोक तिथं बंद पडलेली यंत्रं आणतात आणि मी त्यांतून त्यांचे फोटो, पत्रं, प्रबंध काढून देते. माझ्यात दोन खोडी आहेत. दुपारी मला झोप आवरत नाही, आणि माझ्या कामाला कोणी नावं ठेवली तर ती झोपही उडते.

काकांची सून श्रीदेवीवहिनी फोनवर जपून बोलत होत्या. "संयुक्ता, तू काल काही पुसलंस का गं? चुकून? आई सकाळपासून बोलत नाहीयेत."

"वहिनी, काल मी मशीन सुरूच केलं नव्हतं. तुम्हीच करू दिलं नाहीत."

ते खरंच होतं. आम्हा तंजावरी मराठी घरांत पूजेत मांडलेली पुस्तकं नि हत्यारं दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी हाताळत नाही. मी डिस्क बसवली, चार स्क्रू आवळले, वहिनींनी नव्या डब्याला हार घातला आणि काकांच्या बायकोनं, भवानीमावशीनं, मला केसरी शिरा देऊन घरी धाडलं. बसवलेली डिस्क तपासल्याशिवाय निघायचं नाही हा माझ्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो मी देवीसाठी मोडला होता.

नऊ वाजता मी निघाले. सणानंतरचं चेन्नई अर्धवट जागं होतं. रिक्षांच्या नाकांवर कालचे हार सुकत होते, दुकानांसमोर दृष्ट काढून फोडलेल्या कोहळ्यांच्या कुंकवानं लाल झालेल्या फोडी पडल्या होत्या, आणि सगळं शहर कुणीतरी हळू आवाजात बोलायला सांगितल्यासारखं वागत होतं.

२

भवानीमावशी खिडकीशी बसली होती. ती माझ्या आईची मावसबहीण, वय शहात्तर. तिच्या डाव्या कानानं दोन वर्षांपूर्वी काम सोडलं आणि उजवाही जायला लागलाय. पुढच्या पोंगलपर्यंत राहिला तर नशीब, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्या उजव्या कानात मावेल तेवढी नवऱ्याची बोली तिला भरून घ्यायची होती. त्यासाठीच हा खटाटोप होता. आणखी वर्षभरानं डिस्क सापडली तर तिला तिचा काही उपयोग नव्हता.

हॉलच्या कोपऱ्यात पूजा अजून तशीच होती. पिवळ्या रेशमाखाली पुस्तकांची चळत, वर शेवंतीची फुलं, शेजारी हार घातलेला नवा कॉम्प्युटर. चळत जराशी डावीकडे कलली होती. ते पाहून माझ्या मनात काही आलं नाही, फक्त एक पुस्तक घसरेल असं वाटलं.

"पद्मनाभअण्णा कुठायत?" मी विचारलं. अण्णा म्हणजे मावशीचा एकुलता मुलगा, श्रीदेवीवहिनींचे यजमान.

"कोवलमला गेले," वहिनी म्हणाल्या. केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेचं कोवलम. "निर्माल्य समुद्रात सोडायला. साडेसातलाच निघाले. मशीनचं असं झालं, मग घरात कोणाचा जीव लागेना."

मी मावशीच्या उजव्या बाजूला बसले. तिनं माझा हात धरला. तिला माझ्यावर राग नव्हता, आणि त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

"तू केलीस असं मी बोलले नाही," ती म्हणाली. "हे लोक बोलतात. जुनं डिस्क नव्या मशीनला चालत नाही म्हणतात. खरं का?"

"खोटं आहे मावशी. वायरी त्याच असतात. लावली की दिसते. आपोआप काही पुसलं जात नाही."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून तिनं विचारलं, "मग गेलं कुठं?"

तिला बोलतं ठेवावं म्हणून मी काकांबद्दल विचारलं. काका सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एक काना राहिला तर जेवण न उतरणारा माणूस. मावशी हसली.

"अस्क्या, सगळ्या वस्तू दोन-दोन घेत होते. चष्मे दोन, छत्र्या दोन, ह्या कॉम्प्युटरसाठी डिस्कपण दोन. एक बिघडला तर दुसरा पाहिजे म्हणत. लग्न मात्र एकच केलं म्हणून चुकचुकत." मग ती पूजेकडे बघत म्हणाली, "संयुक्ता, हे दर सरस्वतीपूजेला डबा उघडत होते. डब्याला कुंकू लावून काय उपयोग, विद्या आत आहे, म्हणत. गंध-कुंकू त्या डिस्कलाच लावत. जुनं पुसत नव्हते, त्याच्यावरच नवं लावत. बारा वरुषं."

"मला हे माहीतच नव्हतं," श्रीदेवीवहिनी दारातून म्हणाल्या.

"तू स्वैपाकात असायचीस. मी धरायचे टॉर्च." मावशीनं माझ्याकडे वळून विचारलं, "तू काढलीस ना काल? कुंकवाची पुटं केवढी होती त्याच्यावर?"

काल मी काढलेली डिस्क आरशासारखी स्वच्छ होती.

३

मी हार उतरवला, देवीची मनात क्षमा मागितली आणि डबा उघडला. डिस्कवर एकच ठिपका होता, ओलसर लाल, काल वहिनींनी लावलेला. "इथं लावू का?" असं त्यांनी मला विचारलं होतं आणि मी लेबलच्या कडेवर बोट ठेवलं होतं.

आता मला कालचं सगळं आठवू लागलं. जुन्या डब्यात धूळ इतकी होती की मला सात शिंका आल्या. पंख्यावर, वायरींवर, कोपऱ्याकोपऱ्यात राखाडी लोकर बसली होती. फक्त डिस्क चकचकीत. मी तेव्हा काय विचार केला असेल? काकांचं टापटिपीचं काम, असा. स्वतःचीच कानउघाडणी करावीशी वाटली.

तरी माझ्या धंद्यात आठवणीवर कोणी विश्वास ठेवत नाही, मीही नाही. मी मशीन सुरू केलं. प्रत्येक हार्ड डिस्क आपण जन्मापासून किती तास चाललो याची मोजदाद स्वतःपाशी ठेवते. फायली पुसा, डिस्क फॉर्मॅट करा, तो आकडा हलत नाही. एका छोट्या प्रोग्रामनं तो वाचता येतो. काका रोज सकाळ-संध्याकाळ कॉम्प्युटरवर बसत. बारा वर्षांचे पंधरा-सोळा हजार तास तरी व्हायला हवे होते.

पडद्यावर आकडा आला: तीन.

"आत्या, तीन हजार?" जननीनं माझ्या खांद्यावरून विचारलं. ती पद्मनाभअण्णांची मुलगी, वय वीस, कोईमतूरला इंजिनिअरिंग शिकते. मराठी ती अडखळत बोलते, पण आजीशी दुसऱ्या भाषेत बोलत नाही.

"नुसते तीन. ही काकांची डिस्कच नाही. ही ती दुसरी, सुटी ठेवलेली. कुणीही काही पुसलेलं नाही, जननी. कुणीतरी जोडीतली डिस्क बदलली आहे."

"काल पूजेनंतर?"

"नाही. मी जुन्या डब्यातून काढली तेव्हाच ही होती. म्हणजे आधी. या घरातल्याच कुणीतरी."

वहिनींनी भिंतीला हात टेकला. जननी पटकन म्हणाली, "मी टचपण केलं नाही आत्या. मी संडेला आले. आणि मला पाटीपासून काही लपवायचं असेल तर मी फाईल डिलीट करेन ना, स्क्रू कसाला उघडेन?"

पाटी म्हणजे आजी. मला पोरीचं बोलणं पटलं. ते मी मनात बाजूला ठेवलं.

वहिनींना मी स्वैपाकघरात गाठलं. त्या काहीच न शिजवता ढवळत होत्या. "माझ्यावर संशय घे," त्या म्हणाल्या, "पण कारण तरी सांग. आईंना हवं ते मिळू नये असं मला का वाटेल? मी गेलं वर्षभर त्यांच्या कानाशी ओरडून माझा घसा बसवलाय."

"त्या सुट्या डिस्कबद्दल तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता तुझ्यासमोर कळलं. मामंजींच्या वस्तू घ्यायला हे बरोबर जायचे."

त्यांनी ते सहज सांगितलं, मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ढवळणं थांबलं. मी विषय बदलला. जाता जाता पुन्हा एकदा पूजेकडे पाहिलं, आणि या वेळी मला काय खटकतंय ते कळलं. मी चपला पायात सरकवल्या आणि कोवलमकडे जाणाऱ्या बसचा थांबा कुठं आहे ते विचारलं.

४

ईस्ट कोस्ट रोडवर बस लागली की डाव्या हाताला समुद्र अधूनमधून दिसतो आणि लगेच भिंतीआड जातो. दुपारचा बारा-साडेबाराचा सुमार होता, खिडकीतून गरम वारा येत होता, आणि माझी मान पडायला लागली होती. माझ्या मेंदूची गंमत अशी की तो जागेपणी भांडतो आणि पेंगताना नीट विचार करतो. तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि एकेकाला समोर येऊ दिलं.

आधी जननी आली. ती बसल्या जागेवरून, बोटानं, काहीही पुसू शकली असती. स्क्रूड्रायव्हर तो उचलतो ज्याला फायली पुसता येत नाहीत, किंवा ज्याला पुसवत नाहीत. शिवाय आजीला ऐकू यावं म्हणून नवा कॉम्प्युटर तिनंच मागवला होता.

मग वहिनी. त्या नवीन कुकरलासुद्धा कुंकू लावल्याशिवाय घरात घेत नाहीत. खऱ्या डिस्कवरची पुटं त्यांनी एकदा पाहिली असती, तर बदली डिस्क ठेवताना त्यांचा हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडे गेला असता. कोरी डिस्क डब्यात ठेवणारा माणूस कुंकू लावणाऱ्यांतला नव्हता. तो फक्त नमस्कार करणाऱ्यांतला होता.

आणि मग फुलं आली, पिवळी शेवंती, झोपेत ती फार मोठी दिसली. विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा करायची, प्रत्येकानं चार ओळी वाचायच्या, त्यानंतर पुस्तकांवरची फुलं उतरवायची. उतरवली की ती निर्माल्य. आज वाचन झालंच नव्हतं. पहिलं वाचन म्हणून मावशी काकांचा आवाज ऐकणार होती आणि तिथंच सगळं थांबलं. फुलं मी पोचले तेव्हाही पुस्तकांवर होती, मी निघाले तेव्हाही होती. मग साडेसातला निर्माल्य सोडायला निघालेल्या पद्मनाभअण्णांच्या पिशवीत काय होतं?

अण्णा नेमधर्माचे पक्के. बारा वर्षं गंध-कुंकू झेललेली वस्तू त्यांना कचऱ्यात टाकवणार नाही, हातोडीनं फोडवणार नाही. पूजेच्या दिवशी ती पूजेबाहेरही ठेववली नसणार, म्हणून पुस्तकांच्या तळाशी ठेवली असणार. सकाळी घाईनं खालून ओढून काढली, आणि चळत कलली. अशा वस्तूला आमच्याकडे एकच वाट असते, पाण्याची.

मी डोळे उघडले. ते साडेसातला निघाले होते आणि आता एक वाजत आला होता. एवढ्या वेळात माणूस काय वाटेल ते बुडवून परत येऊ शकतो.

५

कोवलमच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. कोळी जाळी शिवत बसले होते, आणि वारा आत्ताच वळून समुद्राकडून येऊ लागला होता. एका निळ्या होडीच्या सावलीत पद्मनाभअण्णा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, धोतर वर खोचलेलं, मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात काहीतरी चौकोनी होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी न विचारता त्यांच्या शेजारी वाळूत बसले.

"तू येशील असं वाटलं होतं," ते म्हणाले. "नाही आलीस तर बरं, असंही वाटलं."

"माझ्यावर आळ आला, अण्णा."

"त्याची माफी मागतो. जुनी डिस्क, नवं मशीन, गेलं असेल, असं लोक म्हणतील एवढंच मी धरलं होतं. तुझं नाव येईल हे ध्यानात नव्हतं."

त्यांनी पिशवी उघडून दाखवली. डिस्कच्या एका कोपऱ्यावर कुंकवाचा जाड खपला होता, काळपट लाल. मी हात पुढे केला, त्यांनी पिशवी मागे घेतली.

"आधी ऐक. अप्पांच्या शेवटच्या तीन वर्षांत माझ्या बदलीमुळे आम्ही हैदराबादला होतो. आई फोनवर म्हणायची, थोडं विसरतात, बाकी बरं आहे. ते गेल्यावर तेराव्याला मी एकटा बसून जुना कॉम्प्युटर लावला. त्यांचा आवाज ऐकावा म्हणून. एकच फाईल ऐकली. अप्पा आईला विचारत होते, बाई, तुम्ही कोण? ती म्हणाली, मी भवानी. तर म्हणाले, भवानी तरुण आहे, तुम्ही दुसऱ्याच कोणी आहात." त्यांनी पिशवीची कड मुडपली. "पन्नास वर्षांची बायको, संयुक्ता. मी बंद केलं. पुढचं ऐकायची हिंमत झाली नाही. जननीनं नवा मागवला तेव्हा डिस्क बदलून ठेवली."

माझा राग बसमध्ये होता तेवढा आता उरला नव्हता, आणि ते मला आवडलं नाही.

"मायक्रोफोन चुकून चालू राहिला असणार," ते पुढं म्हणाले. "तिला वाटतंय अप्पांनी जुन्या गोष्टी सांगून ठेवल्यात. तिचा कान जाणार आहे. शेवटचं ऐकलेलं ते हे असावं? तुम्ही कोण?"

"ते तुम्ही ठरवायचं नाही, अण्णा. डिस्क मावशीची आहे."

"ती माझी आई आहे."

"म्हणूनच."

ते उठले. पिशवी हातात घट्ट धरून पाण्याकडे चालत गेले. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. मी ओरडले नाही. मला पोहता येत नाही आणि डिस्कलाही येत नाही, एवढंच मनात आलं. एक लाट आली, त्यांचं धोतर भिजलं. ते तसेच उभे राहिले, मग वळले आणि ओले पाय ओढत परत आले.

"मीच सांगतो तिला," ते म्हणाले. "तू फक्त जोडून दे."

६

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. खिडकीतून वारा येत होता आणि पुस्तकांवरचं रेशीम हलत होतं. अण्णा मावशीच्या उजव्या कानाशी गुडघे टेकून बसले.

"आई, डिस्क मी काढली होती. तुझ्यासाठीच. त्यात अप्पा तुला ओळखत नाहीत गं. तू कोण म्हणून विचारतात."

मावशीनं त्यांच्या धोतरावरची वाळू झटकली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "बटन मीच दाबत होते."

अण्णा टाचांवर मागे बसले. मी तीन तासांची डिस्क काढून खरी जोडली. नव्या मशीननं ती लगेच ओळखली. काकांच्या नावाचा फोल्डर उघडताना मात्र पडद्यावर आलं की तुम्हाला याची परवानगी नाही. जुन्या मशीनवरच्या मालकाचं नाव नव्या मशीनला परकं वाटतं, असं नेहमीच होतं. मी मावशीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, मी परवानगी दिली. आत तारखांप्रमाणे लावलेल्या एकशे चौदा फायली होत्या.

"तू कुठली ऐकलीस?" तिनं अण्णांना विचारलं.

"पहिली. अर्धी."

"लाव गं तीच. पुरी लाव."

तिनं उजवा कान स्पीकरला जवळजवळ टेकवला. पंख्याचा आवाज, एक खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग काका. स्पष्ट, शांत, प्रत्येक अक्षर तपासून सोडल्यासारखं.

"बाई, तुम्ही कोण?"

"मी भवानी."

"नाही हो. भवानी तरुण आहे. तुम्ही दुसऱ्याच कोणी."

इथं अण्णांनी डोळे मिटले. ध्वनिमुद्रण पुढे चालू राहिलं.

"सरी," मावशीचाच आवाज, दोन वर्षांपूर्वीचा. "मग तुमची भवानी कशी आहे, सांगा मला."

काका हसले. त्यांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"हळू बोला, ती आत झोपलीय. तुम्ही परक्या म्हणून सांगतो. लग्नात मी तिच्याकडे वर मान करून पाहिलं नाही, लाज वाटली. मग तंजावरहून मद्रासला येताना गाडीत तिला झोप लागली. माझ्या खांद्यावर डोकं. तेव्हा पाहिलं. विल्लुपुरम गेलं, चेंगलपट्टू गेलं, मी हात हलवला नाही. हात मेल्यागत झाला होता. एग्मोर आलं तेव्हा वाटलं, गाडी पुढं जाईल तर बरं." थोडा वेळ नुसता पंखा. "हे तिला ठाऊक नाही. मला तिच्यासमोर बोलायला येत नाही. तुम्ही सांगाल का तिला?"

"सांगते," दोन वर्षांपूर्वीची मावशी म्हणाली, आणि फाईल संपली.

श्रीदेवीवहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. जननी जमिनीवर बसली होती. अण्णांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मावशी रडत नव्हती. ती त्यांच्या केसांतून हात फिरवत होती.

"मी नवऱ्यासोबत पन्नास वरुषं राहिले रे," ती म्हणाली. "एक गोड शब्द ऐकला नाही. मग त्यांना मी परकी झाले, आणि ते रोज एक सांगायला लागले. मी बटन दाबायचे आणि विचारायचे, तुमची भवानी कशी आहे?" तिनं कान पुन्हा स्पीकरकडे नेला. "दुसरी लाव, संयुक्ता."